उंची कशाची, आणि कुठपासून?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर शाळेत भूगोल शिकवला. भिंतीवरच्या नकाशातला तपकिरी रंग म्हणजे डोंगर आणि हिरवा म्हणजे सपाटी, हे सांगलीतल्या दोन पिढ्यांना त्यांनी दाखवलं. आज मी त्या रंगांमागच्या आकड्यांविषयी बोलणार आहे. पृथ्वीवरच्या जवळपास कुठल्याही जागेची उंची आज घरबसल्या आणि फुकट मिळते. ती उपग्रहांनी, अवकाशयानांनी मोजलेली असते. धरणाचा पहिला आराखडा, रस्त्याची आखणी, पुराचं भाकीत, दरडींचे नकाशे, मोबाइल टॉवरची जागा, असं पुष्कळ काही त्या आकड्यावर उभं राहतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. उंचीचा आकडा समोर आला की दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. ही उंची कशाची आहे? आणि ती कुठपासून मोजली आहे? गेल्या पंचवीस वर्षांत या आकड्यांमध्ये जी सुधारणा झाली, ती मुख्यतः हे दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारल्यामुळे झाली. आणि हे प्रश्न जिथे विचारले गेले नाहीत, तिथे त्याची किंमत सखल भागात राहणाऱ्या माणसांच्या माथी आली.

सुरुवात फेब्रुवारी २००० पासून करू. अमेरिकेचं ‘एंडेव्हर’ हे अवकाशयान सहा अंतराळवीरांना घेऊन निघालं आणि अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं. या मोहिमेला एसआरटीएम म्हणतात. यानाच्या पोटात एक रडार होतं, आणि दुसरा अँटेना साठ मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला होता. हा दांडा तीनेक मीटरच्या डब्यात घडी करून नेला होता आणि वर गेल्यावर उलगडला. दोन डोळ्यांमुळे आपल्याला वस्तूचं अंतर कळतं, तसंच इथे. जमिनीवरून परतलेली एकच रडार लहर दोन अँटेनांपर्यंत किंचित वेगळ्या वाटेनं पोचते. लहरीची लांबी होती ५.६ सेंटिमीटर. दोन्हीकडच्या लहरींच्या चढउतारातला फरक मोजला की त्यातून जमिनीची उंची काढता येते. ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातली, म्हणजे पृथ्वीवरची सुमारे ८० टक्के जमीन या अकरा दिवसांत मोजली गेली. इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं.

इथे थोडं थांबून एक बारकावा पाहू, कारण चुकीचा जन्म कसा होतो हे त्यात दिसतं. यान जमिनीपासून २३३ किलोमीटरवर होतं. साठ मीटरचा दांडा, कितीही ताठ केला तरी, यानाच्या प्रत्येक हालचालीबरोबर थोडा डोलणारच. तो एका अंशाच्या छत्तीसशेव्या भागाइतका, म्हणजे कोनातल्या फक्त एका सेकंदानं कलला आणि ते आपल्याला कळलं नाही, तर खालच्या जमिनीच्या उंचीत साधारण एक मीटरची चूक येते. म्हणून दांड्याचं टोक क्षणोक्षणी कुठे आहे हे मोजण्यासाठी वेगळी उपकरणं होती. त्यात आणखी एक अडचण आली. यानाचा तोल सांभाळायला मदत व्हावी म्हणून दांड्याच्या टोकाशी बसवलेला वायूचा झोत नीट चालला नाही, आणि यानाला आपलं इंधन जास्त जाळून स्थिर राहावं लागलं. एवढं सगळं करूनही दांड्याच्या हेलकाव्याचा थोडा अंश आकड्यांत उतरलाच. सपाट मुलखाचा एसआरटीएम नकाशा गडद रंगात रंगवून पाहा, त्यावर लांबच लांब तिरपे पट्टे दिसतात. जमिनीवर असे पट्टे कुठेच नाहीत. तो दांडा डोलल्याचा माग आहे.

मोहिमेची अट अशी होती की दहापैकी नऊ ठिकाणी चूक १६ मीटरच्या आत असावी. प्रत्यक्षात काम त्याहून पुष्कळ सरस झालं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पडताळणीत युरोप-आशियासाठी हा आकडा ६.२ मीटर निघाला. अवकाशातून अकरा दिवसांत केलेल्या कामासाठी ही थोर कामगिरी आहे, आणि मी ती मनापासून थोर मानतो. पण आता ती सांगलीच्या हिशेबात मोजा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४५ वर धोका पातळी. मधलं अंतर पाच फूट, म्हणजे दीड मीटर. ६.२ मीटर म्हणजे वीस फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा एकेका फुटाला किती गल्ल्या पाण्याखाली जातात ते तुम्ही पाहिलं आहे. डोंगरावर धरणाची जागा शोधायला सहा मीटरची चूक चालून जाईल. कृष्णाकाठी ती चालत नाही. म्हणून ‘या मॉडेलची, म्हणजे चौकोनाचौकोनांत मांडलेल्या उंच्यांच्या नकाशाची, अचूकता किती?’ या प्रश्नाला जगाचा सरासरी आकडा हे उत्तर होऊ शकत नाही. हिमालयाची आणि वाळवंटांची सरासरी काढून आपल्या नदीकाठाला लावणं चूक आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. उंची कशाची?

रडारला जमीन ओळखता येत नाही. लहर ज्याच्यावरून परत फिरेल त्याची उंची ते सांगतं. ५.६ सेंटिमीटरची लहर दाट जंगलात शिरली की पानाफांद्यांत अडकते आणि माथ्याच्या आतून कुठूनतरी परतते. म्हणजे आकडा ना झाडाच्या शेंड्याचा, ना जमिनीचा. शहरात तो छपरं आणि रस्ते यांच्या मधला कुठलातरी असतो. उलट हिमालयात कोरड्या बर्फात ही लहर काही मीटर आत घुसते, आणि मोहीम तर ऐन फेब्रुवारीत झालेली. पुढे हिमनद्या किती झिजल्या हे पाहायला २००० सालची ही उंची आधाराला घेतली गेली. आधारच खऱ्या पृष्ठभागाच्या खाली असेल, तर झीज आहे त्यापेक्षा कमी भासते. अभ्यासकांना हे लक्षात आल्यावर आधी लहर किती आत गेली असेल त्याची दुरुस्ती करावी लागली.

उभ्या डोंगरांत तर आकडाच मिळत नाही. रडार तिरपं पाहतं. कड्याच्या पलीकडची बाजू त्याच्या सावलीत जाते आणि अलीकडच्या बाजूचा माथा व पायथा एकमेकांवर चढतात. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा डोळ्यांसमोर आणा. ज्या मॉडेलचा एकेक चौकोन तीस मीटरचा आहे, त्यात तो कडा एक-दोन चौकोनांत संपतो. एसआरटीएमच्या मूळ नकाशांत अशा जागी भोकं राहिली होती, आणि ती भरायला लोकांनी निरनिराळे मार्ग काढले. स्कॉटलंडमधले जोनाथन द फेरांती यांनी आल्प्स आणि हिमालयासारख्या पर्वतरांगांतली भोकं जुन्या स्थलदर्शक नकाशांच्या समोच्च रेषांवरून, एकेक तुकडा घेऊन भरली आणि ते काम सगळ्यांना मोफत दिलं. संगणकाला शेजारच्या चौकोनांवरून अंदाज बांधता येतो, पण मधे सुळका असेल तर तो त्याला माहीत नसतो. नकाशा वाचणाऱ्या माणसाला तो दिसतो. अशा कामाची नोंद मोठ्या संस्थांच्या अहवालांत व्हायला हवी, असं मला कळकळीनं वाटतं.

डोंगरातली आणखी एक चूक फार शिकवणारी आहे. समजा मॉडेलमधल्या सगळ्या उंच्या बरोबर आहेत, पण नकाशा अख्खाच्या अख्खा दहा मीटर पूर्वेला सरकला आहे. सपाटीवर काहीच कळणार नाही. ४५ अंशांच्या उतारावर मात्र दहा मीटरची चूक दिसेल, आणि तीसुद्धा पूर्वेकडच्या उतारांवर जास्त उंची व पश्चिमेकडच्या उतारांवर कमी उंची अशी. २०११ साली क्रिस्टोफर नुथ आणि आंद्रेआस केब यांनी नेमकं हेच हत्यार केलं. दोन मॉडेलमधला फरक उताराच्या दिशेसमोर मांडायचा. त्यातून लाटेसारखी वळणदार रेषा उमटली तर समजायचं की नकाशा सरकला आहे, आणि लाटेच्या उंचीवरून व दिशेवरून तो किती आणि कुठे सरकला तेही काढायचं. नकाशा जागेवर आणला की ‘उंचीची’ म्हणून वाटणारी मोठी चूक गळून पडते. कधी कधी कारण याहून साधं असतं. एका फाइलमध्ये आकडा चौकोनाच्या मध्याचा धरलेला, दुसरीत कोपऱ्याचा. तीस मीटरच्या चौकोनात तेवढ्यानं पंधरा मीटरचा घोळ होतो. दुरुस्तीची गुंतागुंतीची सूत्रं लावण्याआधी हे तपासणं मी प्रत्येक विद्यार्थ्याला बंधनकारक करीन.

भारतानंही या क्षेत्रात मोलाची भर घातली. ५ मे २००५ रोजी सुटलेल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहावर दोन कॅमेरे होते. एक २६ अंश पुढे पाहणारा, दुसरा ५ अंश मागे. एकाच जागेची दोन कोनांतली छायाचित्रं मिळाली की उंची काढता येते. त्यातून झालेलं कार्टोडेम हे मॉडेल ‘भुवन’ संकेतस्थळावर मिळतं. जपान आणि अमेरिकेनं ॲस्टर उपकरणाच्या छायाचित्रांवरून असंच जागतिक मॉडेल केलं. मात्र कॅमेऱ्याला ढग आडवे येतात. आपल्या घाटमाथ्यावर वर्षातले चार महिने काय अवस्था असते ते सांगायला नको.

यापुढची मोठी झेप जर्मनीची. २०१० पासून टेराएसएआर-एक्स आणि टॅनडेम-एक्स हे दोन उपग्रह एकमेकांपासून काही शे मीटरवर, जोडीनं फिरत राहिले. इथे डोलणारा दांडाच नाही. त्यातून झालेलं आणि ‘कोपर्निकस’ नावानं तीस मीटरच्या चौकोनांत मोफत मिळणारं मॉडेल आज जागतिक कामासाठी सर्वांत विश्वासाचं आहे. पण त्याची लहर तीन सेंटिमीटरच्या आसपासची, म्हणजे झाडांच्या बाबतीत आणखी वरच अडकणारी. म्हणजे मोजमाप सुधारलं, तरी ‘कशाची उंची?’ हा प्रश्न होता तिथेच राहिला.

तो सोडवायला २०१८ साली आइससॅट-२ आला. सुमारे पाचशे किलोमीटरवरून हा उपग्रह सेकंदाला दहा हजार वेळा हिरव्या लेसरची ठिणगी सोडतो. एका ठिणगीत लाखो कोटी प्रकाशकण जातात, आणि परत येतात ते अगदी मोजके. प्रत्येक कण परतायला किती वेळ लागला ते मोजलं जातं. जंगलावरून आलेले कण कागदावर मांडले की वर पानांच्या उंचीचा विस्कळीत पुंजका दिसतो आणि त्याखाली, फटींतून निसटून गेलेल्या कणांची एक बारीक रेघ. ती रेघ म्हणजे जमीन. ती पहिल्यांदा पाहताना मला झालेला आनंद अजून कमी झालेला नाही. अडचण एवढीच की हा उपग्रह सहा ओळींत मोजतो आणि ओळींच्या मधली जमीन तशीच राहते. त्यातून पूर्ण नकाशा मिळत नाही, नकाशा तपासायला लागणारे बिनचूक बिंदू मिळतात.

दुरुस्त मॉडेल अशाच लेसर मोजणीच्या जोरावर तयार झाली, त्यातलं एक तर आइससॅट-२ च्याही आधी. जपानच्या दाई यामाझाकी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मेरिट मॉडेलमध्ये दांड्याचे पट्टे, बारीक खरखर, सरसकट वर-खाली सरकलेली पातळी आणि झाडांची उंची, या चारही चुका वेगवेगळ्या ओळखून वेगवेगळ्या काढल्या आहेत. २०२२ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या लॉरेन्स हॉकर आणि सहकाऱ्यांनी कोपर्निकस मॉडेलमधून झाडं आणि इमारती संगणकीय शिक्षणाच्या पद्धतीनं वजा करून फॅबडेम हे मॉडेल दिलं. पुराचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकानं मूळ मॉडेलऐवजी हे आधी वापरून पाहावं.

आता दुसरा प्रश्न. कुठपासून?

आपण सहज ‘समुद्रसपाटीपासून’ म्हणतो. पण समुद्रसपाटी सपाट नाही. पृथ्वीच्या पोटातलं वस्तुमान सगळीकडे सारखं नसल्यामुळे समुद्राचा पृष्ठभागही कुठे फुगलेला, कुठे खचलेला आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तो गणिती पृथ्वीगोलापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर उभं राहून उपग्रहीय यंत्रावर दुरुस्ती न केलेली उंची पाहिली, तर ती उणे साठ मीटरच्या पलीकडे दिसते. यंत्र बरोबर असतं. ते गणिती गोलापासून मोजतं, आणि आपण मात्र समुद्रापासून समजतो. जागतिक मॉडेल या फुगवट्या-खळग्यांचा एक जागतिक अंदाज वापरतात. आपल्या सर्वेक्षण खात्याच्या उंच्या मात्र भारतीय किनाऱ्यावरच्या नऊ केंद्रांत वर्षानुवर्षं मोजलेल्या भरती-ओहोटीवर बांधल्या आहेत. या दोन पायांत फरक पडतो, आणि तो तपासल्याशिवाय दोन्हीकडचे आकडे एका तक्त्यात घालता येत नाहीत.

याची किंमत किती असते, ते व्हिएतनामच्या मेकाँग त्रिभुज प्रदेशानं दाखवलं. पावणेदोन कोटींच्या आसपास माणसं राहतात तिथे, आणि जगभर जाणारा तांदूळ पिकतो. उपग्रहीय मॉडेलवरून या प्रदेशाची सरासरी उंची २.६ मीटर धरली जात होती. २०१९ मध्ये डच अभ्यासक फिलिप मिंडरहाउड आणि सहकाऱ्यांनी स्थानिक मोजणीचे बिंदू घेऊन, ते स्थानिक समुद्रपातळीशी जोडून हिशेब केला. सरासरी निघाली ०.८ मीटर. समुद्र एक मीटर चढला तर काय, या प्रश्नाचं उत्तर या एका दुरुस्तीनं पार बदललं. कागदावर ज्या गावांच्या हाताशी शतकभर वेळ होता, ती गावं आजच पाण्याच्या पातळीजवळ आहेत.

त्याच वर्षी स्कॉट कल्प आणि बेंजामिन स्ट्रॉस यांनी जगभरच्या किनाऱ्यांसाठी अशीच दुरुस्ती केली. भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर आज किती लोक राहतात? एसआरटीएमनं उत्तर दिलं होतं २ कोटी ८० लाख. दुरुस्तीनंतर ते झालं ११ कोटी. आपल्याकडे त्या वेळी मुंबई २०५० पर्यंत बुडणार असे नकाशे वर्तमानपत्रांत झळकले आणि पुष्कळ लोक धास्तावले. त्या नकाशांत बंधारे, बांध, भिंती धरलेल्या नव्हत्या, हे अभ्यासकांनीच सांगितलं होतं. शिवाय ती दुरुस्ती शिकवली गेली अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या विमानी लेसर मोजणीवरून, आणि पडताळली गेली अमेरिका व ऑस्ट्रेलियात. आपल्या दाटीवाटीच्या वस्त्या, आपली कांदळवनं तिथे नाहीत. दिशा योग्य आहे यात मला शंका नाही. पण गल्लीगल्लीचा निर्णय त्या नकाशावरून घेऊ नये, आणि ‘तो परदेशी नकाशा आहे’ म्हणून तो झटकूनही टाकू नये.

नकाशात बांध न धरल्यानं काय होतं हे पाहायला पेण-अलिबागकडची खारबंदिस्ती किंवा गोव्यातली खाजन शेती यांचं उदाहरण घ्या. भरतीच्या पातळीखालची जमीन, तिच्याभोवती मातीचा बांध, बांधात उघाडी. गोव्यात तिलाच मानस म्हणतात. ओहोटीला दार उघडतं आणि आतलं पाणी निघून जातं, भरतीच्या दाबानं ते आपोआप मिटतं. बांधाचा माथा माणूस चालू शकेल एवढा रुंद, फार तर बैलगाडीएवढा. तीस मीटरच्या चौकोनात तो विरघळून जातो. बांधाबाहेरची कांदळवनं मात्र मॉडेलमध्ये जमिनीचा उंचवटा होऊन उभी राहतात. परिणाम असा की बांधानं राखलेली शेतं मॉडेलमध्ये उघडी पडतात, आणि जिथून पाणी मोकळेपणी आत येतं ती खाडीची कड मॉडेलला भिंत वाटते. दोन्ही चुका एकाच शिवारात, उलट दिशेनं. सरासरी काढली तर त्या एकमेकींना खाऊन टाकतील आणि अहवालात ‘चूक नगण्य’ असं छापून येईल. झाडं वजा करणाऱ्या मॉडेलनं यातली अर्धी अडचण सुटते. उरलेल्या अर्ध्यासाठी बांधाच्या माथ्याची उंची जागेवर जाऊनच मोजावी लागते. त्याला दुसरा उपाय मला माहीत नाही.

उंचीला तारीखही असते. एसआरटीएम २००० सालची जमीन दाखवतं, कोपर्निकस साधारण २०११ ते २०१५ ची. त्यानंतर झालेले भराव, महामार्ग, खाणी त्यात नाहीत. भूजल उपसल्यानं जमीन खचत असेल तर तेही नाही. जुलै २०२५ मध्ये इस्रो आणि नासानं मिळून सोडलेला निसार उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच जागेवरून जातो आणि जमिनीची सेंटिमीटरभराची हालचाल टिपतो. त्यालाही हिशेबासाठी आधी चांगलं उंचीचं मॉडेल लागतंच.

भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणात २०३० पर्यंत मैदानी भागासाठी २५ सेंटिमीटर आणि डोंगराळ भागासाठी १ ते ३ मीटर अचूकतेचं मॉडेल करण्याचं लक्ष्य ठेवलं आहे. लक्ष्य योग्य आहे. माझा आग्रह एवढाच, की ते झाल्यावर पूरग्रस्त आणि किनारी तालुक्यांचा डेटा सर्वांना मोफत मिळावा, आणि सोबत प्रत्येक भागातली चूक किती व ती कुठल्या बिंदूंवर तपासली हेही छापलं जावं. एसआरटीएममधल्या चुका जगाला सापडल्या, कारण तो डेटा सगळ्यांच्या हातात होता. स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी झाली. त्या छायाचित्रांतून उंचीही काढता येते. नदीकाठच्या गावांची ती उंची ग्रामपंचायतीच्या हाती का पडू नये?

दिल्लीची आणि डेहराडूनच्या सर्वेक्षण खात्याची वाट न पाहता करण्यासारखं एक काम या शहरातही आहे. इथल्या भिंतींवर, देवळांच्या खांबांवर, दुकानांच्या शटरशेजारी २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा लोकांनी रंगवून ठेवल्या आहेत. रंग उडतो आहे, भिंती पाडल्या जात आहेत. एक ऑटो लेव्हल (समपातळी दाखवणारी दुर्बीण), एक स्टाफ (मापाची उभी पट्टी) आणि दोन-तीन विद्यार्थी एवढ्यावर त्या खुणांची उंची सर्वेक्षण खात्याच्या जवळच्या बेंचमार्कशी, म्हणजे उंची ठरवून दिलेल्या खुणेशी, जोडता येते. मोजणी फिरून त्याच बेंचमार्कवर आणून बंद करायची, क्लोजिंग एरर, म्हणजे फिरून आल्यावर आकड्यात पडलेला फरक, लपवायची नाही, आणि प्रत्येक खुणेसमोर वर्ष, जागा, फोटो आणि आधाराचा बेंचमार्क लिहायचा. ही यादी झाली की कुठलंही जागतिक मॉडेल कृष्णाकाठी किती चुकतं ते आपण स्वतः, सेंटिमीटरमध्ये, सांगू शकू. स्थापत्य विभाग असलेल्या महाविद्यालयांनी उपकरणं द्यावीत, पालिकेनं जुन्या नोंदी खुल्या कराव्यात आणि येत्या जूनच्या आत निदान गावठाण भागातल्या खुणा मोजून व्हाव्यात, ही या व्यासपीठावरून माझी विनंती आहे. मोजणीची पद्धत आणि नोंदवहीचा नमुना मी आज संयोजकांकडे देऊन जातो आहे.